शुद्ध निकेलच्या तारा

मिस्त्रींना कानाची यंत्रं मिळाली त्या दिवशी घरात नुसती गंमत उडाली. जिना चढता चढता ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "माझे बूट करकरतात? आणि मला कुणी सांगितलं नाही?" घरात आल्यावर नळ सोडून बघितला, कागदी पिशवी चुरगाळून बघितली, घड्याळापाशी जाऊन लहान मुलासारखे उभे राहिले. लेकीचा फोन आला तेव्हा कितीतरी वर्षांनी एकदाही "काय? काय म्हणालीस?" न करता बोलले. फोन ठेवला आणि डोळे पुसत म्हणाले, "पोरगी अजून तश्शीच चिवचिवते गं."

"आता तुमच्या कानात माझ्यापेक्षा भारी दागिने आले," त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी, म्हणाली आणि तीही पदराला डोळे पुसत आत गेली.

मिस्त्रींनी उभा जन्म लेथ मशीनवर लोखंड कातण्यात घालवला होता. कारखान्यानं हात शाबूत ठेवले, कान मात्र खाल्ले. आधी बारीक, उंच आवाज गेले: पाखरं, दारावरची घंटी, शिट्टी. मग माणसांच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' गेले. जाडेभरडे, खालचे आवाज तेवढे टिकून राहिले, आणि त्यात बायकोची बेस गिटार होती.

ही बेस गिटार घरात आली तीही मिस्त्रींमुळेच. त्यांचा धाकटा भाऊ ड्रम वाजवायचा. सगळे त्याला ठोक्या म्हणत, त्याच्या तोंडावरसुद्धा. त्याचं चौघांचं पथक रविवारी दुपारी एका हॉलमध्ये नाचायला येणाऱ्या लोकांसाठी वाजवायचं आणि तालीम मिस्त्रींच्या पुढच्या खोलीत करायचं. वहिनी त्याच खोलीत एका बाजूला शिवणयंत्रावर लोकांचे पडदे शिवत बसलेली असे. पथकातला बेसवाला एक दिवस दुसऱ्या गावी नोकरीला निघून गेला आणि वाद्य मागे ठेवून गेला. आता कोण वाजवणार म्हणून सगळे हवालदिल. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हिच्या हातात द्या. शिवता शिवता ही तेच गुणगुणत असते, खालचं." सगळे हसले. सगळ्यात जास्त वहिनीच हसली. पण हातात घेतली ती घेतलीच. तिला बाकी सगळे वहिनी म्हणत ते तेव्हापासून. हळूहळू हॉलमध्ये नाचायला येणारे परके लोकही तिला वहिनीच म्हणायला लागले.

ती पहिल्यापासून स्टीलच्या तारा लावायची. आवाज कसा, तर खणखणीत. नवीन तारा लावल्या की पहिला आठवडाभर पितळी भांडं वाजावं तशी प्रत्येक नोट झळझळायची. "वहिनीचं वाजणं रस्त्यावरून ओळखू येतं," असं लोक म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. आवडणारच.

ती सरावाला बसली की मिस्त्री स्पीकरच्या लाकडी खोक्याशेजारी खुर्ची ओढून बसत, एक तळवा खोक्यावर ठेवून. कान गेले तसे ते जास्तच चिकटून बसू लागले.

आणि यंत्रं आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती सरावाला बसली, तर मिस्त्री उठले. "जरा भाजी आणतो."

"भाजी सकाळीच आणलीत की."

"मग ब्रेड आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना खालच्या मजल्यावरच्या आजोबांची आठवण झाली. त्याच्या पुढच्या दिवशी छत्रीचा दांडा दुरुस्त करायचा होता, तोही जिन्यात बसून. वहिनीच्या मनात एक विचार शिरला आणि तो काही केल्या निघेना. इतकी वर्षं या माणसाला अर्धंच ऐकू येत होतं. आता पूर्ण ऐकू येतंय. म्हणजे आता त्यांना कळलं, की आपण काही एवढं चांगलं वाजवत नाही.

हसण्यासारखा विचार होता, पण तो आल्यावर तिचे हात जड झाले. ओळखीच्या जागी बोटं अडखळायला लागली. एकदा तर गाण्याच्या मध्येच ती थांबली आणि नुसतीच बसून राहिली, मांडीवर गिटार घेऊन.

मग एका संध्याकाळी मिस्त्री घराबाहेर गेले नाहीत. पूर्वीसारखेच खोक्याशेजारी बसले, तळवा ठेवला, मान डोलावली. वहिनीला इतकं बरं वाटलं की तिनं एक गाणं संपवून दुसरं घेतलं. मध्येच तिनं विचारलं, "चहा टाकू का?" मिस्त्री हसतच मान डोलावत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. ते पुन्हा हसले. तिनं फळीकडे बघितलं. यंत्रांची डबी तिथे होती, आणि यंत्रं डबीत होती.

तिनं गिटार खाली ठेवली. डबी आणून त्यांच्या हातात दिली आणि ते यंत्रं बसवेपर्यंत समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझं ऐकायचं नाही म्हणून काढून ठेवता?"

"तसं नाही गं."

"मग कसं? वाईट वाजवते तर सांगा ना तोंडावर. जगाचं ऐकायला यंत्रं, आणि माझ्या वेळेला डबीत!"

मिस्त्री चपापले. "वाईट? वाईट कुठे म्हटलं मी?" त्यांनी गिटारकडे बोट दाखवलं. "ते बोट सरकतं ना तुझं तारेवरून, चर्र करून... ते कानात जातं. सुईसारखं. आणि वरचं ते खण्ण आहे, त्यानं दात शिवशिवतात. पत्र्यावर कानस फिरवल्यासारखं. आयुष्यभर तेच ऐकलंय मी."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? तुझा आवाज आहे तो. सगळा हॉल त्याचं कौतुक करतो. मी काय म्हणून बदल म्हणू?"

वहिनी कमरेवरचे हात सोडून खाली बसली. राग कुठल्या कुठे गेला. इतक्या दिवसांची भीती गेली ती वेगळीच, आणि हा माणूस आपल्याला वाईट वाटू नये म्हणून जिन्यात छत्र्या दुरुस्त करत बसला होता हे आठवून तिला हसूही यायला लागलं.

"त्या यंत्रं बसवून देणाऱ्या बाईंना सांगून यंत्राचा वरचा आवाज कमी करून घ्या की."

"विचारलं. होतो म्हणाल्या. पण मग पोरीचं चिवचिवणंही जाईल."

ते तर वहिनीलाही नको होतं. तिनं गिटारचं वरचे सूर दाबायचं बटण पार खाली फिरवून बघितलं. गाणं पांघरुणात शिरलं आणि चर्र मात्र तसंच राहिलं, कारण ते तारेतूनच येत होतं. "तारा बदलायच्या," ती म्हणाली. मिस्त्री नको नको म्हणत राहिले. तिनं दुसऱ्या दिवशी जाऊन जिच्यावर मोठ्या अक्षरात निकेल लिहिलं होतं ती पुडी आणलीसुद्धा. कुणीतरी तिला सांगितलं होतं की निकेल मऊ वाजतं. तारा लावून बघितल्या. थोडा फरक पडला, पण मिस्त्रींच्या भुवया अजून वर जातच होत्या. तोंडानं ते "छान, छान" म्हणत होते.

"तुमच्या छानवर माझा विश्वास नाही," वहिनी म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

वाद्यांचं दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. दुकानदार म्हणजे एक आडव्या बांध्याचा, हळू बोलणारा गृहस्थ. वहिनीनं रिकामी पुडी दाखवून तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "हे निकेलच आहे, पण नुसता मुलामा. आत स्टीलच." त्यानं एका जुन्या तारेचं टोक उलगडून दाखवलं. मध्ये एक सरळ पोलादी तार, आणि तिच्याभोवती दुसरी बारीक तार घट्ट गुंडाळलेली, दोऱ्याच्या रिळासारखी. "बोट लागतं ते या गुंडाळीला. ती स्टीलची असली की खणखणते. मुलाम्याची असली की थोडी कमी. शुद्ध निकेलची असली तर आवाजाच्या कडा बोथट होतात. आणि मग या चपट्या पट्टीच्या गुंडाळीच्या. यांना चर्र नाहीच."

"मुलाम्याच्या सोडून बाकी तीनही वाजवून बघते," वहिनी म्हणाली. मग मिस्त्रींकडे वळली. "तुम्ही त्या स्टुलावर बसा. माझ्याकडे पाठ करून."

"पाठ कशाला?"

"माझं तोंड बघितलंत की सगळ्याला हो म्हणाल. टोचलं की हात वर करायचा. बोलायचं नाही."

मिस्त्री शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बसले. दुकानदारानं भिंतीवरची एक गिटार काढून दिली. स्टीलच्या तारा होत्या. वहिनीनं दोन-चार नोटा वाजवल्या तोच हात वर. दुसरी गिटार चपट्या तारांची. ती वाजवली. हात मांडीवरच राहिला. मिस्त्रींचे खांदे सैल झालेले तिला दिसले. बोट तारेवरून काचेवर फिरावं तसं बिनआवाज सरकत होतं. पण सूर निघत होता तो उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. तिनं एक ओळ वाजवली आणि थांबली.

"हीच घे," मिस्त्री भिंतीला म्हणाले. मग जरा वेळानं, "पण तुला नाही आवडली."

"तुम्ही बघितलंत?"

"नाही. तू लवकर थांबलीस."

दुकानदार उगाच काउंटर पुसायला लागला. वहिनीनं ती गिटार त्याच्याकडे परत केली.

तिसरी गिटार शुद्ध निकेलची. तार हाताला खरखरीतच लागत होती, तिच्या ओळखीची, गोल गुंडाळीची. पण बोटाखाली जरा नरम. तिनं वाजवलं. नोट आली ती झळझळत नाही, भरून आली. जाड, उबदार, आणि तरी तिला स्वतःचा चेहरा होता, उशीतला नव्हे. तिनं मुद्दाम बोट सरकवलं. चर्र झालं, पण कापडावरून हात फिरवल्यासारखं. मिस्त्रींचा हात किंचित हलला आणि परत खाली आला. तिनं पहिली ओळ संपवून दुसरी घेतली, मग तिसरी. कधी पूर्ण गाणं वाजवून झालं तिला कळलं नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचा पाय मात्र ठेका धरत होता.

"या द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

"याचा आवाज स्टीलपेक्षा जरा कमी येईल हं," तो म्हणाला. "अँपचा आवाज वाढवावा लागेल."

घरी आल्यावर तारा लावायचं काम मिस्त्रींनी स्वतःकडे घेतलं. खुंट्यांवर एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. टोकं अशी कापली की जणू मोठ्या साहेबांकडे तपासणीला जायची होती.

सगळं काही गोड झालं असं मात्र नाही. पहिल्याच तालमीत ठोक्यानं काठ्या खाली ठेवल्या. "वहिनी, तू आहेस का गं खोलीत? ऐकूच येत नाहीयेस."

तिनं अँपचा आवाज वाढवला.

"आता येतेस. पण ती तू नाहीस. ते खणखण कुठे गेलं?"

"दुकानात ठेवून आले," वहिनी म्हणाली. पण तिलाही चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. जिथे पूर्वी तिची नोट सगळ्यांच्या वर उसळी मारायची, तिथे आता ती गाण्याच्या आतच राहत होती. सगळे गेल्यावर ती वायरी गुंडाळायला लागली. मिस्त्रींनी विचारलं, "जुन्या लावू का परत?" ती म्हणाली, "थोडे दिवस जाऊ देत. नवीन चप्पलसुद्धा चावतेच की." काही दिवसांनी तिला दिसलं की ती आता कमी नोटा वाजवतेय आणि प्रत्येक नोट जास्त वेळ धरून ठेवतेय. ठोक्या कुरकुरला, मग कुरकुरायचा थांबला. एकदा म्हणाला, "ड्रमला आता टेकायला बरं लागतं." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

रविवारी दुपारी मिस्त्री हॉलमध्ये आले. यंत्रं कानात होती. पूर्वी ते स्टेजच्या खाली, स्पीकरला टेकून बसत. या वेळी मागच्या रांगेत बसले, सगळ्यांसारखे. जोड्या नाचत होत्या. पथकातल्या गायिकेनं पथकाचं सगळ्यात जुनं, सगळ्यात लाडकं गाणं घेतलं. वहिनीची बोटं आपोआप चालायला लागली. तिनं मागच्या रांगेकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की मिस्त्री तिच्याकडे बघत नाहीयेत. ते गायिकेच्या तोंडाकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, ओठ जरासे उघडे ठेवून.

सगळं आवरून दोघं बाहेर पडली तेव्हा अजून उजेड होता. गिटार मिस्त्रींच्या पाठीवर होती. ते अजून आठ्या घालूनच चालत होते.

"टोचलं का?" वहिनीनं विचारलं.

"छे गं. पण ते गाणं... ती बाई त्याला सोडून जातेय त्यात?"

"हो. मग?"

"कायमची?"

"कायमची."

मिस्त्री रस्त्यातच थांबले. "आणि मी इतकी वर्षं ते आनंदाचं गाणं समजत होतो! तू खालून अशी टणाटण उड्या मारत जातेस, मला वाटायचं कुणाचं तरी लग्न ठरलंय."

वहिनीला हसू फुटलं. तिनं भिंतीचा आधार घेतला.

"हसतेस काय? माझ्यापर्यंत तेवढंच तर पोचायचं. आणि ते दुसरं? ज्यात तू एक एक पायरी खाली उतरतेस, एकदम हळू? त्यात कोण मेलंय?"

"अहो, कुणी मेलं नाही! अंगाई आहे ती. बाळ झोपतंय."

"झोपतंय होय," मिस्त्री म्हणाले आणि चालायला लागले. पाठीवरची गिटार त्यांनी वर सरकवली. "बरं. आता पहिल्यापासून एकेक सांग बघू. कशात काय आहे ते."

आणि वहिनी सांगायला लागली.