कालव्याचं पाणी पेटलं

कालव्याच्या काठावर हीऽऽ गर्दी! अर्धा फळबाजार दुकानं टाकून आलेला, शिवारातली माणसं टाचा उंचावून उभी. बुवांनी मूठभर राख संथ पाण्यात भिरकावली, पाणी फसफसलं, वर जळती काडी पडली आणि पाणी भडकलं की हो!

"बघा! जिथं पाणी जळतं, तिथं तुमच्या रोगांची काय बिशाद! औषधं बुडवा, हे पाणी प्या!"

मास्तरीणबाईंचं आगीकडे लक्षच नव्हतं. धाकट्या भावानं इन्सुलिन कालव्यात फेकलं, असा भावजयीचा फोन आला होता, म्हणून त्या शाळेतून तशाच धावत आल्या होत्या. भाऊ फळांचा व्यापारी. पुढच्या रांगेत बसून तांब्यामागून तांब्या रिचवत होता. ओठ सुकलेले, धाप लागलेली.

"ऊठ, दवाखान्यात चल."

"ताई, तहान बघ किती लागतेय! बुवा म्हणतात, शरीरच हे पाणी मागतंय."

"डोंबल तुझं! साखर वाढली की अशीच तहान लागते."

"मग पाणी कसं पेटलं, ते सांग आधी."

हा आडमुठा असाच बसून मरणार! तेवढ्यात वाऱ्यासरशी लसणासारखा उग्र दर्प आला.

"दैवी सुगंध!" बुवा गरजले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाजारातल्या हमालांनीसुद्धा!

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. अरे, हा वास तर यांच्या गोदामात बारा महिने असतो!

भावाचा टेम्पो रस्त्यालाच उभा होता. फळं पिकवायला पेटीत ठेवतात ती कार्बाइडची पुडी त्यांनी त्यातून शोधून आणली, "लांब व्हा!" म्हणून ओरडल्या, पुडी काठावरच्या एका बादलीतल्या पाण्यात टाकली आणि वर जळती काडी फेकली. बादली भडकली.

"याच्यावर पाणी पडलं की गॅस निघतो. जळतो तो गॅस, पाणी नाही!"

"पाखंडी! भस्म होशील!" बुवा किंचाळले खरे, पण काढता पाय घेत होते. एका हमालानं त्यांची झोळी हिसकावली. आत राखेत मिसळलेले तेच कार्बाइडचे राखाडी खडे.

"ताई, हे तर मी रोज हाताळतो गं..." भाऊ उठायला गेला आणि कोसळला. हमालांनी त्याला उचलून टेम्पोत घातलं.

"बाई, वाचेल ना हो?" कुणीतरी विचारलं.

"वेळेत पोचला तर." बाई टेम्पोकडे जाता जाता गर्दीकडे वळल्या. "रोजचा ओळखीचा वास बुवानं सुगंध म्हटला की सुगंध झाला? अरे, हात जोडायच्या आधी नाक तरी वापरा, डोकं तरी चालवा! आणखी कुणी औषधं बुडवलीत? लाजू नका, चला माझ्याबरोबर."

मग एक म्हातारी पदर सावरत पुढे आली. तिच्यामागे एक बाप लेकीला कडेवर घेऊन आला. आणि बघता बघता टेम्पोत जागा पुरेना.