एक हॉर्न कमी

ऑगस्टमधल्या जलशाला निम्मं गाव गाडीतून यायचं आणि गाडीतच बसून राहायचं. चाल आवडली की हॉर्न वाजवायचा, टाळ्यांची कटकट नाही. केप ब्रेटन बेटावर हे असंच चालत आलंय. एफी मॅकेकर्नला त्या दुपारी शंभर हॉर्न नको होते, एकच हवा होता, कुंपणाजवळच्या हिरव्या ट्रकचा.

ट्रकमध्ये लॉकीमामा होता. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, तिला त्यानेच शिकवलं. मामी गेल्यापासून चार वर्षं त्याने गज हातात धरला नव्हता. आणि लग्नात मामीसाठी त्याने बांधलेली चाल एफी आज ड्रम आणि बेस गिटारबरोबर वाजवणार होती. सकाळी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "वाजव की. तुझी मामी काय आता उठून कान धरणारे?" ही परवानगी की टोमणा, तिला कळेना.

"तीनदा तारा जुळवून झाल्या," ड्रमवाला हेक्टर म्हणाला. "चौथ्यांदा तुटतील हं, बाई."

"तू तुझ्या काठ्या सांभाळ."

चाल सुरू झाली. बेसने फंकचा ठेका धरला, गिटार गुरगुरली, गवतावरची पोरं उड्या मारू लागली. एफीला मात्र काहीतरी खुपत होतं. ठेका झकास होता, पण मामाचा नव्हता. मग ध्यानात आलं, ती उभी होती. बँडमध्ये सगळे उभे राहतात म्हणून तीही. मामा जन्मात कधी उभ्याने वाजवत नसे. खुर्चीत बसून दोन्ही टाचांनी फळी बडवायचा, तोच त्याचा ड्रम. तिने वाजवता वाजवता कडेची खुर्ची पायाने ओढली, बसली आणि टाचा आपटू लागली. हेक्टरने डोळे वटारले, मग मुकाट तिच्या टाचांचा ठेका धरला. आता कुठे चाल जागेवर बसली.

शेवटचा सूर थांबला आणि मैदानभर हॉर्न उसळले. हिरवा ट्रक गप्प.

एफीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. फिडल तसंच हातात घेऊन ती गाड्यांमधून धावत सुटली. कोणी पाठ थोपटली, कोणी नाव घेऊन हाक मारली, तिचं लक्षच नव्हतं. रागावला असशील तर सरळ शिव्या घाल, असं म्हणायचं तिने ठरवलं होतं.

ट्रकचं दार उघडं होतं. मामा सीटवर बाहेर तोंड करून बसला होता, पाय खाली खडीवर, डोळे लाल.

"तिसऱ्या फेरीत घाई केलीस," तो म्हणाला.

"हॉर्न का नाही वाजवलास?"

"त्यासाठी पाय उचलून आत वळावं लागलं असतं."

तिने खाली पाहिलं. त्याच्या बुटांखालची खडी उकरली जाऊन तिथे टाचेएवढे दोन खळगे पडले होते.