वरची पट्टी

स्पीकरच्या जाळीला चिकटलेला एक वाळका पतंग... शिडीवरून तो इतका जवळ होता की पंखावरची राखाडी भुकटी दिसावी – आणि त्या पंखाची कड थरथरत होती. पंखे बंद, दारं बंद, दुपारचा रिकामा क्लब. म्हणजे थरथर आवाजाचीच. छताला टांगलेला तो इवलासा स्पीकर वाजत होता, झांजेची बारीक चुरचुर त्यातून येत असणार – असणारच, मेलेला पतंग खोटं कशाला बोलेल? – पण शिडीवर उभ्या असलेल्या त्याच्या कानाशी काहीच नव्हतं.

खाली उतरून त्याने टेबलावरचं बारीक आवाजाचं बटण थोडं चढवलं. आणखी थोडं. आता कुठे आलं... दोन भिंतींपलीकडे कुणी किल्ल्या खुळखुळवाव्यात तसं.

समोर खुर्च्या लावणाऱ्या मालकीणबाईंचा हात झटकन कानाकडे गेला आणि तितक्याच बेमालूमपणे केसांवरून फिरून खाली आला. त्याने पाहिलं. बंदरावरच्या नव्या, अवाढव्य क्लबच्या आवाजाचं काम घेणार की नाही ते त्याला संध्याकाळी कळवायचं होतं, आणि सकाळपासून ‘हो’ जिभेवर तयार होतं.

याच बाईंचा पहिला क्लब म्हणजे कापडाच्या गोदामाचं तळघर. तेव्हा दोन धिप्पाड खोकी भिंतीशी उभी करायची आणि कानठळ्या बसेपर्यंत वाजवायचं, एवढंच शास्त्र. रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या त्याच्या डोक्यात मात्र एकच खूळ – आवाज अंगभर लागावा, पण शेजारच्याचं बोलणं त्यात बुडू नये. म्हणून जाड आवाजाची खोकी कोपऱ्यांत, आणि बारीक आवाजाचे स्पीकर घोसासारखे थेट नाचणाऱ्यांच्या डोक्यावर. सुतार खो खो हसला होता. “झुंबर लावतोयस की काय?” बाई हसल्या नाहीत. “टांगू दे त्याला. पडलं तर माझ्या डोक्यावर,” म्हणाल्या, आणि खरंच त्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

मग परगावचे लोक नुसती मान वर करून बघायला येऊ लागले, नकला झाल्या, बोलावणी आली – कितीतरी तळघरं, गच्च्या, बंद पडलेले कारखाने... आणि त्या पहिल्याच तळघरात, ढोल छातीत दणदणत असताना, त्याने लग्नाचं विचारल्यावर एक मुलगी नेहमीच्या आवाजात म्हणाली होती, “मला चालेल.” आणि ते त्याला ऐकू आलं. सगळा संसार त्या दोन शब्दांवर उभा राहिला. आता तीच स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा येऊन खांद्यावर हात ठेवते.

त्याने संगीत थांबवलं.

“बाई, टोचतंय का?”

“छे! छान आहे की.”

“खरं सांगा.”

खुर्चीची पाठ धरून त्या उभ्या राहिल्या. “थोडं. सुईसारखं.”

“आजच?”

“झाली असतील दोन-तीन वर्षं, उस्ताद.” मग घाईघाईने, “तुम्ही गेलात की मी इवलंसं उतरवते. बाकी कशाला हात लावत नाही हं!”

“बोलला नाहीत कधी.”

“कोणत्या तोंडाने बोलू? तुमच्याशिवाय त्या टेबलाला कुणी शिवायचं नाही, हा नियम माझाच. तो मीच मोडला. चोरी कुणी डांगोरा पिटून करतं का?”

त्याची कानशिलं तापली. या दोन-तीन वर्षांच्या शाबासक्या... निम्म्या बाईंच्याच म्हणायच्या. पण लाज पुरती वर येईना. तिच्या आडून दुसरंच काही वर येत होतं – मी गाडीत बसून घरी निघालेला, आणि बाई इथे चष्मा नाकावर ओढून, श्वास धरून, माझं काम माझ्याइतक्याच निगुतीने पुरं करणाऱ्या. म्हणजे मी कधी एकटा ऐकतच नव्हतो...

त्याने संगीत पुन्हा लावलं आणि टेबलापासून बाजूला झाला. “उतरवा. तुम्हीच.”

बाईंनी बिचकत बटण फिरवलं. त्याच्या कानातल्या किल्ल्या पुसट झाल्या, गेल्या. तळव्यांत, नडग्यांत जाड आवाज मात्र घट्ट होता.

“आता कशी आहे झांज?”

“मला कुठे सांगता येतं तुमच्यासारखं!” त्यांनी डोळे मिटले. “म्हणजे... कोरडी वाळू... चाळणीतून. नाही, वाळू नाही. त्याहून ओली आहे.”

संध्याकाळी काय कळवायचं ते आता त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्याची भीतीही कुठे सापडत नव्हती. त्याने एक खुर्ची ओढली, बसला.

“ओली म्हणजे कशी, बाई? सावकाश सांगा.”