पांढरी गादी

मितू हल्ली परत चड्डी ओली करायला लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "बाजारात नेतेस तर डायपर घाल." यशोधराचं डोकंच फिरलं. "तीन वर्षांची झाली ती. शू आली की सांगते आता!"

नणंदेच्या लग्नाची पांढरी साडी घ्यायला यशोधरा, नणंद आणि मितू बदलापूरहून उल्हासनगरला आल्या. दुकानातल्या स्वच्छ पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग पडला. यशोधरा भावावरून शेठशी हुज्जत घालत होती. मितूने तिची ओढणी ओढली, काहीतरी पुटपुटली. "थांब गं जरा!"

साडी ठरली, तेव्हा मितूखालची गादी ओली दिसली. यशोधराची कानशिलं तापली. नणंद शेजारीच होती. यशोधराने झटकन समोरचा पाण्याचा ग्लास तिथेच लवंडला आणि मितूच्या पाठीत धपाटा घातला.

"सांडलंस ना पाणी? किती धसमुसळी गं तू! सॉरी हां शेठ."

"कोई बात नहीं, बच्ची है."

मितू रडली नाही. आईकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "पाणी तू सांडलं. मी शू केली. मी सांगितलं तुला, शू आली. तू बोलली, थांब."