घावनाथाचा पाय

माझ्या बायकोला देवाचं लई वेड, आन् मला तिच्या वेडाचा लई राग. ह्यातच आमचा जन्म गेला. पन यंदा देवाच्या जोडीला मोबाईल आला आन् वाटोळं झालं.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. गावचा देव घावनाथ. राकुसाशी लढताना त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली, आन् ती जखम दरसाल माघात पुन्हा फुटते, असं आमी बारकं हुतो तवापास्नं ऐकत आलो. मग फाल्गुनातल्या पुनवंपर्यंत गाव देवाचं दुखनं पाळतं. तळन तळायचं न्हाई, बाजेवर निजायचं न्हाई, पायात चप्पल घालायची न्हाई. घरातलं तेल देवाच्या पायाला. आन् देव बरा होईस्तोवर कुनी आपल्या जखमेला औषद लावायचं न्हाई. आताची पोरं कुठं पाळत्यात? पाथर्डीला जाऊन गपचिप भजी खाऊन येत्यात. पन आमची छबू एकेक गोष्ट पाळनार.

तिचं कारनबी सांगतो. आमचा आदिनाथ आन् सून दरसाल उसतोडीला जात्यात, गाडीत संसार भरून, पार लांब. छबूचं म्हननं असं, की टोळीच्या मागं घावनाथ चालतो. कोयता निसटला, मोळी घेऊन ट्रकात चढताना फळीवरनं पाय घसरला, तर त्यो आपला हात मधी घालतो. आन् त्याचा पायच बरा झाला न्हाई तर त्यो चालनार कसा? मी म्हनायचो, अगं, त्यो देव हाय का मुकादम? मग दिसभर माझ्याशी बोलायची न्हाई.

आदिनाथची पोरगी आमच्यापाशी ऱ्हाते. संस्कृती तिचं नाव, तिच्या मावशीनं ठिवलेलं. माझी जीभ वळत न्हाई, मी आपली बाई म्हनतो. बारावीला हाय, हुशार हाय. अभ्यास झाला की मोबाईलवर एक खेळ खेळायची. त्यात डोंगरावरनं पडून घायाळ झालेला देव, अंगातनं रगताऐवजी उजेड गळतोय, आन् त्याची सेवा करनारे भक्त. देवाच्या डोक्यावर जीव किती उरला ते दावनारी एक लाल पट्टी, भक्ताच्या डोक्यावर एक. भक्तानं देवाची जखम अंगावर घेतली की भक्ताची पट्टी उतरायची आन् देवाची भरायची. छबू वाती वळत तिला चिकटून बसायची आन् बघायची. मला वाटलं, बरं झालं, आजी-नात एका जागी बसल्यात.

एकदा पोरीनं खेळातला औषदी पाला भक्ताच्याच जखमेला लावला. देवाची पट्टी सरसर उतरली, सगळा अंधार झाला, देव मेला. पोरगी हसून म्हनाली, आता पुन्हा पहिल्यापास्नं. छबूचं तोंड एवढंसं झालं. तिनं इचारलं, "भक्तानं आपलं दुखनं सोसलं असतं, तर देव वाचला असता का गं?"

पोरगी म्हनाली, व्हय, वाचला असता. तिनं आपलं खेळातलं सांगितलं. तिचा काय दोष?

त्याच आठवड्यात छबूच्या पायात बाभळीचा काटा मोडला. अनवानी हिंडल्यावर दुसरं काय होनार! तिला साखरेचं दुखनं हाय, ते गावाला ठावं हाय, फकस्त तिला सोडून. लंगडताना दिसली तवा मी पाय धरून बघितला, तर टाच सुजून तांबडी झालेली. म्हनलं, चल तिसगावला. तर खांबाला मिठी मारून बसली. पुनवंला थोडंच दिस ऱ्हायल्यात, म्हनाली. मी लई बोललो, तिच्या देवालाबी सोडलं न्हाई. शेवटी एकटाच गेलो. डॉक्टरनं मलाच झाडलं, पेशंट घेऊन या म्हनला, पन तवर लावायला मलमाची नळी दिली.

छबूनं नळी घेतली, गुमान. मला नवल वाटलं. पायाला फडकं बांधून हिंडायची, आन् नळी रोज चपटी होत चाललेली. मी मनात म्हनलं, म्हातारी सुधारली. दुसरी नळी मीच आनून दिली, खुशीत.

मग एक दिवस पारावर बन्सी गुरव भेटला. घावनाथाची पूजा त्याच्याकडंच हाय. तंबाखू मळता मळता म्हनला, "आप्पा, यंदा देवाच्या पायाला दवाखान्याचा वास येतोय."

मी देवळात गेलो. देवाच्या पायावरचं फडकं सारलं. तेलाखाली पांढरा थर हुता, जाड, रोजच्या रोज लावलेला. बोटानं घेऊन हुंगला, मलमच, आन् तसाच घराकडं पळालो.

घरी येऊन तिचं फडकं सोडलं. वास आला. बोटं काळी पडलेली. छबू म्हनाली, देवाला माझ्यापेक्षा जास्त दुखतंय, म्हनून त्याला लावलं. मी तिच्यावर ओरडलो न्हाई. पहिल्यांदाच ओरडलो न्हाई. जीप बोलावली आन् नगरला नेलं. डॉक्टर म्हनले, उशीर झाला. गुडघ्याखाली पाय काढला.

पुनवंला बन्सीनं देवाचं फडकं सोडलं आन् जखम भरली म्हनून गावाला सांगितलं. दरसाल भरतेच. दगडाला काय धाड भरली हाय?

आदिनाथ आन् सून तोडीवरनं तडक दवाखान्यात आले, धडधाकट. आदिनाथ आईच्या खाटंपाशी बसून ल्हान पोरावानी रडत हुता, आन् ती त्याचा हात धरून एकेक बोट चाचपत हुती. मला दाखवत हुती. जिंकली ना ती! संस्कृतीनं खेळ मोबाईलमधनं काढून टाकला. आजीला सांगितलं, तर आजी म्हनली, मग त्या देवाला तसाच टाकला व्हय? पोरगी उठून बाहेर गेली, ती लई येळ आत आलीच न्हाई.

सगळी चहाला गेली तवा माझा बांध फुटला. आदिनाथ पुढच्या सालीबी तोडीला जानारच, न जाऊन करतो काय! म्हनलं, "अगं येडे, पुढच्या माघात त्याची जखम पुन्हा फुटनार. तवा काय देशील?"

छबूनं माझ्याकडं बघितलं. मलाच काय कळत न्हाई असं बघितलं. मग पांघरूनाखालच्या धड पायावर हात ठिवला.

"अवो, एक हाय की अजून."