चांदीचा चमचा

चमच्याच्या दांड्यावर बारीक अक्षरांत ‘रुचा’ कोरलेलं… त्यावर अंगठा दाबून अनुजाने ओआरएसचा पुढचा चमचा भरला. थेंबही सांडला नाही. माझ्या हातून सांडत नाहीच. मांडीवर मलूल पडलेल्या सात महिन्यांच्या रुचाने तो कसाबसा गिळला.

अकरा वाजले होते. पहाटेपासून लंगोट कोरडा. बारापर्यंत लघवी झाली नाही तर सरळ अ‍ॅडमिट करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“गो अनुजा, चमच्यान काय होतला? डॉक्टराक सांग, सलाईन लाव म्हणान,” सासूबाई दारातून म्हणाल्या.

“आई, उलट्या थांबल्यात. पोटात राहतंय तोवर चमचाच.”

रात्रभर हाच चमचा, दर दोन मिनिटांनी, आणि मधूनमधून अंगावरचं दूध. पाणी लिटरभर मोजून, उकळून गार केलेलं, त्यात अख्खं पाकीट. शेजारणीसारखं अर्धं पाकीट पेल्यात ढवळणारी मी नव्हे. लालबागच्या या चाळीत माझ्या घराची फरशी म्हणजे ताट, बायकाच म्हणतात… आणि त्याच घरात हे यावं?

“रोटा लशीचे डोस वेळेवर दिलेत, चांगलं केलंत,” डॉक्टर म्हणाले होते, “पण असे विषाणू आणखीही आहेत, नोरो आहे… अँटिबायोटिकचा उपयोग नाही. घरात कुणाला उलट्या झाल्या होत्या?”

“नाही,” ती ताडकन म्हणाली होती. मग दोष गेला टाकीच्या पाण्यावर. सासूबाईंनी तो चाळभर पोचवला, आणि आज टाकी उपसली जात होती. गॅलरीत बादल्यांची रांग, बायकांची कुरकुर…

रविवारी रुचाचं उष्टावण होतं. हा चमचा घेऊन मामा आला — वैभव, अनुजाचा धाकटा भाऊ — आणि जिन्यातच थांबला. “ताई, काल रात्री दोनदा उलटी झाली गं. दुसऱ्या कुणाला भरवू दे ना.” मामाशिवाय उष्टावण? सासरची पन्नास माणसं जमलेली, माझ्या माहेरचा तो एकटा… “मला खाली पाहायला लावू नकोस,” ती म्हणाली. बिचाऱ्याने सॅनिटायझर चोळून चोळून लावलं. असल्या विषाणूला सॅनिटायझर पुरत नाही, पण साबणाने धू म्हणायचंही तिला सुचलं नाही. निदान चमच्याने भरवतो म्हणाला, तर सगळ्यांदेखत हसून तीच म्हणाली — बोटाने, वैभव! पहिला घास बोटानेच!

मंगळवारी रुचाला पहिली उलटी झाली. त्याच संध्याकाळी त्याचा फोन. “ताई, माझ्यामुळे नाही ना?” “छे रे, टाकीचं पाणी.” किती सहज म्हणाले मी.

मांडी ऊबदार झाली. आधी कळलंच नाही… मग साडी ओली, लंगोट चिंब, आणि रुचा चमच्यासाठी चक्क रडू लागली. डोळ्यांत अश्रूही होते! पावणेबारा. अनुजाचा ऊर भरून आला. केलं मी. या हातांनी केलं.

सासूबाईंनी ओला लंगोट हातात घेतला नि गॅलरीत धावल्या. “माझ्या सुनेन चमच्यान पोर सावरल्यान गो!” रांगेतल्या बायका बादल्या ठेवून दाराशी जमल्या, कुणी अनुजाची दृष्ट काढली. असं कौतुक तिला सात जन्म पुरलं असतं. तिने चमचा पुसला. अंगठ्यावर अक्षरं उलटी उमटली होती.

“आई,” ती म्हणाली, “टाकीचं पाणी चांगलं होतं.”