अर्धा वेढा

मित्रांनो, मी एक जुना प्लगपाना आहे. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढायचे आणि बसवायचे, एवढेच माझे काम. अंगाने मी लांबट पोकळ नळी, जोर लावायला वर काढता-घालता येणारी मूठ. आत रबराची कडी आहे, ती प्लगला धरून ठेवते.

कारखान्यात माझा जन्म झाला आणि दुकानातून एका बसचालकाने मला घरी आणले. माणूस धिप्पाड, मनाने लोण्यासारखा. पण हात सांडशीसारखे! त्याने लावलेले बरणीचे झाकण घरात दुसऱ्या कोणाला उघडत नसे. आपल्या जुन्या गाडीची देखभाल तो स्वतः करी. शेजारी कौतुक करत आणि माझी छाती फुगे.

एका वर्षी मात्र "घट्ट म्हणजे घट्ट!" म्हणत त्याने मला सगळा जोर लावून पिळले. आत काहीतरी कचकन सुटले. प्लग ज्यात बसतो ते इंजिनाचे नाजूक आटे गेले होते. गाडी आठ दिवस गॅरेजात पडली. त्याच्या म्हाताऱ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावे लागे. ती बसच्या गर्दीत उभ्याने गेली. त्या दिवशी तो धड जेवला नाही. मला त्याने हत्यारांच्या खोक्याच्या तळाशी टाकले. चूक हाताची, शिक्षा मला! दोन वर्षांत मला गंज चढला.

मग गाडी पुन्हा आचके देऊ लागली. प्लग झिजले होते. मेकॅनिकला आठवडाभर सवड नव्हती आणि दवाखान्याची पाळी दुसऱ्याच दिवशी. तेव्हा त्याच्या बायकोने मला शोधून घासूनपुसून लख्ख केले. ती घरी शिवणकाम करी.

"मी बसवते," ती म्हणाली.

"तुला जमेल?"

"मशीनची सुई रोज कोण बसवतं?"

इंजिन गार होते. तिने भोवतीची धूळ फुंकून काढली, जुने प्लग सोडवले आणि माझी मूठ बाजूला ठेवून नवा प्लग माझ्या नळीत धरून नुसत्या बोटांनी फिरवत आत नेला. दोन सुरळीत बसले. तिसरा मध्येच अडला.

"आवळ की!" नवऱ्याचा हात पुढे आला.

"अहो, हात मागे! वाकडा जातोय तो."

तिने मला उलटे फिरवले. आट्याला आटा लागून हलकेच 'टक्' झाले. मग सरळ फिरवताच प्लग अलगद तळाला टेकला. आता तिने मूठ लावली.

"नव्या प्लगच्या खोक्यावर लिहिलंय, टेकल्यावर अर्धा वेढा. बस्स."

"एवढंच? सुटणार नाही?"

"नाही. प्लगच्या खालची पत्र्याची कडी दबली, की ती धरून ठेवते. चौथा तुम्ही बसवा."

त्याने मला दोन बोटांत धरले. प्लग टेकला, अर्धा वेढा झाला आणि तो आपणहून थांबला. इतकी वर्षे मी त्या हातात राबलो, पण तो इतका हळुवार असू शकतो हे मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई दवाखान्यात जायला गाडीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, सुरू कर ना आता."

"आई, केव्हाची सुरू आहे!" तो खो खो हसला.

मित्रांनो, काम झाले की आम्हा हत्यारांना पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढीच विनंती. आणि जोर काय, कोणीही लावतो. कुठे थांबायचे ते तुमच्या बोटांना शिकवा.